लेथ राहू द्या, आधी वाइस आणि वायरिंग

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी प्रियोळला राहतो, नुकताच नोकरीतून मोकळा झालो. परसात चिऱ्यांची, वर पत्रा घातलेली 12 बाय 20 फुटांची शेड आहे. सध्या तिच्यात पावसाळ्याची लाकडं, नारळाची सोडणं आणि 1990 च्या सुमाराची महिंद्रा डिझेल जीप आहे. जीपची कामं स्वतः करायची आहेत. शिवाय गेट, खिडक्यांचे ग्रिल असं थोडं फॅब्रिकेशन. घरात एक स्कूटरही आहे. हाताशी 80 हजार रुपये आहेत. यादी अशी केली: छोटा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र), 400 अँपिअरचं वेल्डिंग मशीन, 2 एचपीचा कॉम्प्रेसर, 108 नगांचा गोटी (सॉकेट) सेट आणि ग्राइंडर. भाचा म्हणतो, सगळं एकदम ऑनलाइन मागवू, सूट मिळते. मागवू का?

— एक वाचक, प्रियोळ (फोंडा)

उत्तर

इतक्यात नको. भाच्याला पंधरा दिवस थांबायला सांगा आणि त्या पंधरा दिवसांत चांगल्या वायरमनला शेडमध्ये बोलवा. तुमच्या यादीतली पाचपैकी चार यंत्रं विजेवर चालणारी आहेत, आणि पत्रात विजेबद्दल एक ओळही नाही.

400 अँपिअरच्या मशीनपासूनच सुरुवात करू. 400 अँपिअरला आर्कचं, म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीचं, व्होल्टेज साधारण 36 धरलं, तर नुसतं आउटपुट 14 किलोवॅटच्या वर जातं. इन्व्हर्टर प्रकारच्या (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग मशीनचा तोटा आणि पॉवर फॅक्टर (कामाला न येणारा करंट) धरला, तर 230 व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीतून त्याला शंभरेक अँपिअर ओढावे लागतील. घरच्या मीटरमधून एवढा करंट येणार कुठून? सिंगल फेजच्या स्वस्त मशीनवर ‘400’ छापलेलं दिसलं, तर तो रंगवलेला आकडा समजा. तुमच्या कामाला खरे 160 ते 200 अँपिअर देणारं इन्व्हर्टर मशीन पुरून उरेल. ग्रिल आणि गेटसाठी 2.5 मिमीचा रॉड लागतो आणि तो 70 ते 90 अँपिअरवर चालतो. 80 अँपिअरला मशीन मेनमधून 13–14 अँपिअर घेतं, म्हणजे 16 अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. 3.15 मिमीचा रॉड 110–130 अँपिअरवर लावलात की 20 ते 24 अँपिअर लागतात. तिथे ते सॉकेट तापतं आणि पिनांच्या कडा काळ्या पडू लागतात.

म्हणून मुख्य बोर्डापासून शेडपर्यंत 6 चौ.मिमी तांब्याची स्वतंत्र केबल ओढून घ्या. शेडमध्ये छोटा बोर्ड, त्यात 32 अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि वेल्डिंगसाठी 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट. घर ते शेड अंतर 25 मीटर धरलं, तर 30 अँपिअरला 6 चौ.मिमीमध्ये पाच व्होल्टच्या आतच घट होते. 2.5 चौ.मिमीमध्ये ती अकराच्या घरात जाते. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज आधीच खाली आलेलं असताना हे अकरा व्होल्ट चांगलेच जाणवतात: रॉड चिकटतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. मंजूर लोड किती आहे तेही बिलावर पाहून घ्या. कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज आधी करा.

अर्थिंगला विशेष जपा. आपली जांभी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की करंट जमिनीत नीट उतरत नाही, आणि पावसात मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यातलं मीठ वाहून जातं. बेंटोनाइट या ओलावा धरणाऱ्या मातीची तयार भुकटी घालून पाइप अर्थिंग करा आणि वायरमनला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. 5 ओहमच्या आत हवा, तोही एप्रिल-मेमध्ये. जुलैत ओल्या जमिनीवर मोजलेल्या आकड्यावर जाऊ नका.

हे चालू असताना लाकडं आणि सोडणं शेडबाहेर काढा. कोपऱ्यात सरकवून चालणार नाही. ग्राइंडरची ठिणगी सहज चार-पाच मीटर जाते. सोडणाच्या काथ्यात ती शिरली, तर तास-दीड तास नुसती धुमसत राहते आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेट घेते. 4–6 किलोचा एबीसी (कोरड्या भुकटीचा) अग्निशामक दाराजवळ टांगा. काम संपल्यावर अर्धा तास शेडजवळच राहा, अवजारं पुसायला तेवढा वेळ लागतोच.

आता खरेदी. पहिला मोठा खर्च बाकडं आणि वाइस (वस्तू पकडायचा शिकंजा) यांवर करा. धातूकामात निम्मा त्रास वस्तू हलते म्हणून होतो: ड्रिल भरकटतं, हॅक्सॉचं पातं तुटतं, कानस थरथरते. वाइस 6 इंचाचा घ्या. 4 इंची वाइस जीपच्या भागांची ठोकाठोक सहन करत नाही. साध्या बिडापेक्षा एसजी आयर्नचा (चिवट बिडाचा) किंवा फोर्ज केलेला परवडतो, कारण बिडाचा जबडा हातोड्याच्या फटक्याने तडकतो. दुकानातच तपासा. जबड्यांच्या डाव्या आणि उजव्या टोकाला कागदाची एकेक पट्टी धरून हलकं आवळा, दोन्ही पट्ट्या सारख्याच ताकदीने ओढल्या गेल्या पाहिजेत. मग जबडा अर्धा उघडून वर-खाली हलवून पाहा, खडखड वाजला तर दुसरा काढायला सांगा. बसवताना मागचा, म्हणजे न हलणारा, जबडा बाकड्याच्या कडेपेक्षा किंचित बाहेर ठेवा, म्हणजे लांब अँगल उभा धरता येतो. उंची कोपराएवढी. बोल्ट एम12 (12 मिमीचे), खाली मोठे वायसर.

बाकड्याचा सांगाडा 50×50×6 च्या अँगलचा करा. वरचा भाग सगळा लोखंडी नको. दीड मीटर बाय 60 सेंटिमीटरची 8 मिमी प्लेट 56 किलोंच्या वर भरते, आणि तिच्यावर प्रत्येक फटका घंटेसारखा घुमतो. माट्टीच्या लाकडाच्या दोन इंची फळ्या टाका आणि वेल्डिंगच्या अर्ध्या भागावर 3 मिमी पत्रा ठोका. हे बाकडं एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलंत तरी चालेल. पुढचं सगळं त्याच्यावर व्हायचं आहे, तेव्हा ते काटकोनात असलेलं बरं.

मोजमापाला फार पैसे लागत नाहीत: 300 मिमीची स्टीलची पट्टी, 6 इंची गुनिया, 0.02 मिमीचा साधा व्हर्नियर, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या). डिजिटल व्हर्नियर वाचायला सोपा असतो, पण स्वस्तातला बंद असतानाही बॅटरी खातो आणि ओलाव्यात आकडे नाचवतो. मायक्रोमीटर आत्ता नको. कानशींत मात्र कंजुषी नको. 12 इंची चपटी बास्टर्ड (भरड दातांची), 10 इंची अर्धगोल सेकंड कट (मध्यम दातांची), 8 इंची गोल आणि एक तिकोनी, सगळ्यांना मुठी हव्यातच. हॅक्सॉला बायमेटल पाती लावा: जाड अँगलला इंचाला 18 दातांचं, साध्या पट्टीला 24 चं, पातळ नळीला 32 चं. कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकून तुटतात.

108 नगांच्या सेटबद्दल. त्या पेटीतला मोठा हिस्सा स्क्रूचे बिट्स आणि पाव इंची ड्राइव्हच्या (म्हणजे हँडलच्या चौकोनी टोकाच्या मापाच्या) बारक्या गोट्या असतात. जीपला त्यातलं थोडंच लागेल आणि नेमकं हवं ते नसेल. जुन्या महिंद्रा जीपचा वंश अमेरिकी विलिज जीपचा. चासी, ॲक्सल, शॅकल (स्प्रिंगचा झुलता जोड), बॉडी इथे इंची बोल्ट निघतात, प्यूजो डिझेल इंजिनावर मेट्रिक. मधल्या तीस वर्षांत कुठल्या गॅरेजवाल्याने काय बदललं ते देवाला ठाऊक. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिमी. तिथे 13 चा पाना बसतो, पण 0.3 मिमी ढिला. गंजलेल्या बोल्टवर जोर लावलात की डोक्याचे कोपरे गोल होतात, आणि पुढचा अर्धा दिवस छिन्नी-ग्राइंडरमध्ये जातो. 9/16 ला 14 चा जात नाही आणि 15 चा फिरतो. 7/16 चंही तेच, 11 चा चढत नाही, 12 चा घसरतो. 3/4 ला मात्र 19 चा आणि 5/8 ला 16 चा निभावून नेतो. म्हणजे इंचीमध्ये 7/16, 1/2 आणि 9/16 एवढे तरी रिंग पाने आणि गोट्या सुट्या घ्याच. मेट्रिकमध्ये 8, 10, 12, 13, 14, 17, 19, 22 चे रिंग-फिक्स पाने आणि अर्धा इंची ड्राइव्हच्या गोट्या. गोट्या सहा कोनी मागा. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर जोर देते, सहा कोनी सपाट बाजूंवर, आणि आपल्या हवेत प्रत्येक बोल्ट गंजलेलाच धरून चालायचं. सोबत 18–24 इंची ब्रेकर बार, म्हणजे घट्ट बोल्ट सोडवायची लांब दांडी. रॅचेटवर, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या हँडलवर, पाइप घालून जोर देऊ नका, आतले दात उडतात.

गंजलेला बोल्ट सोडवायचा क्रम असा. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी डोक्यावर हातोड्याचे दोन-चार सरळ ठोके द्या, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडवा. थोडा हलला की पुन्हा तेल. तरीही ऐकत नसेल तर उष्णता, पण डिझेल टाकी, ब्रेकची नळी आणि रबरी बुश यांपासून दूर. विलिजकडून आलेली आणखी एक खोड: काही जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. ब्रेकर बारवर उभं राहण्याआधी नट आणि स्टड नीट पाहून घ्या.

स्कूटरला 8, 10, 12, 14 पुरे. तिचे चौकफुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, म्हणून ते ‘खातात’. जेआयएस टोकाचे दोन ड्रायव्हर आणि हातोड्याने ठोकायचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. टॉर्क पाना पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल. घ्याल तेव्हा 40–200 न्यूटन मीटरच्या आसपासचा घ्या, काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि बोल्ट सोडवायला तो कधीही वापरू नका.

जीपखाली जाण्याबद्दल. गाडी जॅकने उचलायची आणि खाली चिरे रचायचे, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. चिऱ्याचा जांभा दगड ठिसूळ असतो आणि ओला झाला की त्याची ताकद आणखी घटते. वरून भार ॲक्सलच्या अरुंद कडेने एकाच रेषेवर येतो. चिरा आवाज न करता फुटतो, तडा जाताना दिसतही नाही. 3 टनांची ट्रॉली जॅक आणि 3 टनांच्या दोन घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, या यादीत वर घ्या. जमीन मातीची असेल तर निदान घोड्यांच्या जागी चार इंची काँक्रीट ओता. उतरत्या फरशीवर ट्रॉली जॅकची चाकं सरकतात. हँडब्रेकवर विसंबू नका. टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर लावा, आणि घोडीवर टेकवल्यावर खाली शिरण्याआधी बाजूने गाडी हलवून बघा.

ग्राइंडर 4 इंची घ्या, चांगल्या कंपनीचा, आणि ज्याचे कार्बन ब्रश आणि आर्मेचर फोंड्यात किंवा मडगावात मिळतात असाच. 1 मिमीची चकती कापायला, 6 मिमीची घासायला, 60 ग्रेडची फ्लॅप डिस्क शेवटचा हात द्यायला. पातळ चकतीच्या बाजूने घासू नका. गार्ड काढून 5 इंची चकती बसवण्याची युक्ती कोणी शिकवली तर कानाआड करा. 4 इंची चकतीवर मिनिटाला साधारण 15,200 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, चकती मोठी झाली की ती मर्यादा खाली येते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, बहुधा बनल्यापासून तीन वर्षांची. आतली राळ ओलावा ओढून कमजोर होते आणि गोव्यात हा ओलावा चार महिने फुकट मिळतो, म्हणून 50 चकत्यांचा स्वस्त गठ्ठा घेऊ नका. दहा-दहा घ्या, हवाबंद डब्यात आडव्या ठेवा. डोळ्याला चष्मा आणि त्यावर पारदर्शक शिल्ड, दोन्ही. आणि दुपारी एक ते चार ग्राइंडर लावू नका. शेजाऱ्यांशी संबंध बिघडले तर ते कुठल्याच पान्याने सुटत नाहीत.

वेल्डिंगला परत येऊ. मशीनसोबत ई6013 रॉड, 10 शेडच्या काळ्या काचेचं हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, सुती कपडे. पावसाळ्यात एक धोका लोक विसरतात. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर 60–70 व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेला शर्ट, ओली फरशी आणि ओले हातमोजे एकत्र आले की जिवावर बेततं. आउटपुटचा हा झटका मेनमधला आरसीसीबी ओळखत नाही. व्हीआरडी असलेलं मशीन मिळालं तर थोडे जास्त पैसे द्या. ते रिकाम्या होल्डरचं व्होल्टेज खाली आणून ठेवतं. पायाखाली कोरडी फळी ठेवा आणि हातमोज्यांची दुसरी जोडी जवळ असू द्या. ओलसर रॉड तडतडतात आणि शिवणीत भोकं पाडतात, तेव्हा पाकीट फोडल्यावर तेही हवाबंद डब्यात.

गेटसाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेतलात, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा. त्याचा पांढरा धूर अंगात गेला की रात्री थंडी-ताप येतो. बंद चौकोनी पाइप आतून कुजतात, म्हणून प्रत्येक उभ्या पाइपच्या तळाला 6 मिमीचं भोक पाडा. घासून उघडा केलेला धातू त्याच दिवशी प्रायमरने झाका, पावसाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंत तो तांबूस होतो. जीपवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून वाट काढत नाही. ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण सुकल्याशिवाय आर्क लावू नका. क्लोरिन असलेल्या क्लीनरचा आर्कखाली विषारी वायू होतो. जीपच्या फ्लोअरचा पातळ पत्रा रॉडने जळून भोकं पडतील. ते मिग (रॉडऐवजी बारीक तार वापरणाऱ्या) मशीनचं काम आहे, बाहेरून करून घ्या. चासीला तडा असेल तर तोही आधी जाणकाराकडे. नुसती वरून शिवण मारली की तडा शिवणीशेजारून पुढे सरकतो.

भोकांसाठी सुरुवातीला 13 मिमीचं हातातलं ड्रिल पुरे, बाकड्यावरचं ड्रिलिंग मशीन नंतर. साध्या लोखंडात 10 मिमीच्या बिटला मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास वेग हवा. पुरा वेग दिलात की बिटची धार निळी पडते. आटे मारायला एम6 ला 5.0, एम8 ला 6.8 आणि एम10 ला 8.5 मिमीचं भोक. मात्र गाड्यांत एम10 चा बारीक, 1.25 पिचचा (दोन आट्यांत 1.25 मिमी अंतराचा) आटाही सर्रास असतो, त्याला 8.8. टॅप (आटे पाडायचं अवजार) घालण्याआधी पिच गेज लावून खात्री करा. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत.

कॉम्प्रेसर 2 एचपीचा कशाला? टायर आणि धूळ यांना 1 एचपी पुरतो, आणि अख्खी जीप रंगवायला तुमचा 2 एचपीही अपुराच. तो यादीतून खोडा, पुढे हवाच असला तर छोटा घ्या आणि टाकीतलं पाणी रोज काढा.

लेथचंही तसंच. छोट्या लेथवर साधारण 180 ते 210 मिमी व्यासाचं काम फिरतं. जीपचा ब्रेक ड्रम त्याहून मोठा, म्हणजे लेथ घेण्याचं जे पहिलं कारण तुमच्या मनात असेल तेच काम त्याच्यावर होणार नाही. त्यात चक, टूल, होल्डर, मोजमापाची साधनं हा खर्च वेगळा. वर्षाकाठी लागणारे दोन-चार बुश आणि पिना कुंडई, बेतोडा, मडकईच्या वसाहतींजवळच्या टर्नरकडून करून घ्या. कागदावर चित्र काढून व्हर्नियरची मापं लिहा, आणि बुश कशात बसायचा आहे तो भागच सोबत न्या.

पैशांची ढोबळ वाटणी अशी बसेल: वीज आणि अर्थिंगला 15 हजार, बाकडं-वाइसला 12, पाने-गोट्या-कानशी-मोजमापाला 18, जॅक आणि घोड्यांना 9, ग्राइंडर-चकत्यांना 5, वेल्डिंग आणि त्याच्या संरक्षक साहित्याला 14. उरलेल्या 7 हजारांत हातातलं ड्रिल, बिट्स आणि तीन मापांचे टॅप. जेआयएस ड्रायव्हर, इंची गोट्या आणि पुढे घ्याल तेव्हा टॉर्क पाना भाच्याला ऑनलाइन मागवू द्या. वाइस, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन मात्र दुकानात उभं राहून, चालवून, पक्क्या बिलावर घ्या.

शेवटी गंज. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या वर गेला की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याखाली क्वचितच येतो. पेट्यांमधला फोम ओलावा धरून ठेवतो, पाने त्यात ठेवू नका. दार घट्ट लागणारं लोखंडी कपाट घ्या. ते चिऱ्याच्या भिंतीपासून चार इंच आणि जमिनीपासून सहा इंच दूर ठेवा, कारण चिरा पावसात पाणी पितो. आत तळाला 40 वॅटचा जुन्या प्रकारचा बल्ब जाळी लावून पेटता ठेवा. आतली हवा दोन-चार अंश गरम राहिली तरी दव धरत नाही. एलईडी बल्बने हे होत नाही. अवजारांवर मशीन ऑइलचा पातळ हात, कानशी कोरड्या ब्रशने झाडून व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात. खोबरेल तेल नको, ते खवट होतं आणि मुंग्या येतात. आणि संडास धुण्याचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर किंवा चार्जिंगला लावलेली बॅटरी या शेडमध्ये अजिबात ठेवू नका. ॲसिडच्या बाटलीचं बूच नीट लागलेलं नसेल, तर एका रात्रीत बंद शेडमधल्या सगळ्या उघड्या लोखंडावर तांबूस थर येतो, व्हर्नियरसकट.